पिल्लूआत्याची फुंकर

माझ्या आत्याला घरीदारी सगळे पिल्लूआत्याच म्हणायचे. अंडी उबवणी केंद्रात ती पिल्लं निवडायची. धडधाकट खोक्यात, मरतुकडी बाजूला. त्या बाजूच्यांतलं एखादं ॲप्रनच्या खिशातून घरी यायचं. त्याला तळहातावर धरून, चोचीपाशी तोंड नेऊन ती हळूच फुंकर घालायची आणि स्वयंपाकघरात बल्बखाली ठेवायची. "श्वास तोवर आस," म्हणायची.

मी चिडवायचो, "आता अंड्यांवरही तूच बस."

"बसले असते रे, पण मग तुझा डबा कोण भरणार?"

अंड्यांच्या बाबतीत मात्र भलती कडक. तडकलेलं अंडं घरात येऊ द्यायची नाही. म्हणून माझ्या लेकीला ताप चढला, जुलाबातून रक्त पडू लागलं, तेव्हा आम्ही बाहेरच्या खाण्याच्या नावानं बोटं मोडली. हॉस्पिटलात पोर निपचित पडली. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. मी इतका घाबरलो होतो की तिची छाती हलतेय का, तेवढंच बघत बसलो.

"साल्मोनेलाचा जंतू आहे, रक्तात उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कोंबड्या आहेत?"

"एक पिल्लू आहे. पण ते ठणठणीत आहे," आत्या म्हणाली.

"ठणठणीतच दिसतात. जंतू त्यांच्या पोटात असतात. विष्ठेतून पिसांना लागतात, पिसांवरून हाताला, हातावरून जेवणात. मुलीनं त्याला तोंड लावलं होतं?"

आत्या भिंतीला टेकली. लेक रोज तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि तश्शीच फुंकर घालायची, चोचीचा पापाही घ्यायची. आम्ही सगळे कौतुकानं बघायचो.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. जंतू आत्याच्या पोटातही निघाले. तिला साधी कळसुद्धा आली नव्हती. तेव्हापासून ती चुलीपाशी गेली नाही. हात धूत राहायची, बोटांची सालं निघाली तरी. माझ्या ताटाला हात लागेल म्हणून दुरून वळसा घालून जायची. मला तिचा राग यायचा, आणि तिच्याकडे बघून भीतीही वाटायची.

अखेर ताप उतरला. लेकीनं डोळे उघडले. सलाईनचा हात सुजला होता. आत्या दाराशी उभी होती.

"आजी, दुखतंय. फुंकर घाल."

फुंकरीनं काही होत नाही, हात तेवढे धुवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. मीही म्हणालो, "जा ना आत्या."

ओठ घट्ट मिटून ती तिथंच उभी राहिली.