शिंप्याचं ‘उद्या’

आमचे हे शिंपी. हाताला कसब आहे, पण जिभेवर एकच शब्द: उद्या. मी शेजारी बसून काज-बटणं करते, म्हणून छातीठोक सांगते. ह्यांचं ‘उद्या’ म्हणजे पंधरवडा, आणि ‘नक्की उद्या’ म्हणजे कापडाला अजून कात्रीच लागलेली नाही! जुन्या गिऱ्हाइकांना हे पाठ होतं. पण ती हळूहळू तयार कपड्यांकडे वळली आणि दुकानाला कुलूप लावायची पाळी आली. तेव्हा जावईबापू धावून आले. ते वेबसाइट बनवतात.

लॅपटॉप उघडून त्यांनी विचारलं, "बाबा, कपडे कधी देता?"

हे सुईत दोरा ओवत म्हणाले, "उद्या."

झालं! त्यांनी तसंच टाकलं. ‘घरबसल्या माप पाठवा, कपडे उद्या हमखास!’ अहो, ज्या जावईबापूंच्या स्वतःच्या लग्नाचा कोट ह्यांच्याकडून अजून शिवून झालेला नाही, जे भावाचा कोट घालून लग्नाला उभे राहिले, त्यांनी तरी ह्या शब्दावर विश्वास ठेवावा?

ऑर्डरींचा ढीग लागला. कपडे अर्थातच गेले नाहीत. जुनं गिऱ्हाईक निदान दारात येऊन भांडायचं, पाणी पिऊन जायचं. हे नवे भांडतही नाहीत, एक तारा देतात आणि गायब. तारा मिळाला म्हणून हे गल्लीभर मिरवून आले! पाचातला एक, असं लेकीने समजावलं तेव्हा तोंड एवढंसं झालं.

"जावईबापू, ते बदला हो. होतं नव्हतं ते दुकानही जाईल," हे काकुळतीला आले.

"बदलतो ना बाबा. उद्या."

मला हसू फुटलं. ह्यांना नाही. बिचारे पांढरेफटक पडले. मग मुकाट्याने उठले, ढिगाच्या तळातून कच्च्या टाक्यांचा तो कोट ओढून काढला आणि मशीनवर बसले. ते पाहून जावईबापू ओशाळले आणि तिथल्या तिथे ‘उद्या’ खोडून ‘पंधरा दिवस’ करून टाकलं.

संध्याकाळी कोट तयार! जावईबापूंनी अंगात घातला, पण बटण काही लागेना. लग्नानंतर पोट कुठल्या कुठे गेलंय.

"थोडा सैल करावा लागेल," हे पुटपुटले.

"मग कधी देताय?" मी मुद्दामच विचारलं.

सासरे-जावई एकमेकांकडे बघत राहिले. तो शब्द उच्चारायची एकाचीही छाती होईना.