माझं भाषण आणि दाराशी मी

मैत्रिणींनो, आत्ताच पंचवटीतल्या आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाहून निघाले आणि थेट सायबर कॅफेत येऊन बसले आहे.

यंदा वाण वाटण्याआधी दीर्घिकांवर, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांवर, भाषण ठेवलं होतं. वाचनालयातली पुस्तकं वाचून महिनाभर खपून ते मी लिहिलं. आज सकाळी अध्यक्षबाईंचा फोन आला.

"माई, गैरसमज नको हं. सवाष्णींचा कार्यक्रम आहे. कागद द्या, सुनंदा वाचेल. तुम्ही दाराशी बसून ऐका की!"

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे ऐकायची सवय होत नाही. तरीही कागद दिले. लिहिलेलं कुणीतरी ऐकावं असं वाटत होतं.

सुनंदाने वाचलं, "दीर्घिका जाळ्यासारख्या गुंफलेल्या असतात, मधे अफाट पोकळ्या असतात." तेवढ्यात नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी म्हणाली, "त्या पोकळ्या अगदी रिकाम्या असतात का हो?"

सुनंदा गडबडली. "मला काय माहीत! माईंना विचारा."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मला उत्तर येत होतं. पोकळीतही तुरळक दीर्घिका असतात, एकेकट्या. पण मी चपला घातल्या आणि निघाले.

राग मंडळावर होता, पण उत्तराविना राहिली ती मुलगी. माझ्या जागी तुम्ही असता तर बोलला असता का?