लाल दोरी आणि उजनीतली भिंत

घरातला झोपाळा, गच्चीवरच्या सोलरचा स्टँड, मेव्हण्याचं कडबा कटर आणि यंदा संक्रांतीला पाण्यात उतरवलेली बारा फुटी फायबरची होडी... हे सगळं माझ्या हातचं आहे. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं यंत्रमाग दुरुस्त करता करता शिकलो. होडीचं इंजिन तेवढं विकतचं, पाच हॉर्सपॉवरचं, सेकंडहँड. पण तेही दोनदा पूर्ण खोलून जोडलंय.

परवाच्या रविवारी सोलापुरातून पहाटेच निघालो आणि बायकोला, महानंदाला, घेऊन उजनीच्या बॅकवॉटरला गेलो. फ्लेमिंगो आलेत असं कळलं होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी दोघांची लाइफ जॅकेट. मग इंजिनचे दोन्ही क्लॅम्प आवळून बघायचे, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हातानं तपासायचं. सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते का बघायचं... धार नाही म्हणजे इंजिनला थंड पाणी मिळत नाही. लगेच बंद.

आणि ती लाल दोरी. एक टोक इंजिनच्या स्विचमधल्या क्लिपला, दुसरं माझ्या मनगटाला. माणूस पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. बरेच जण दोरी कापून टाकतात आणि क्लिप तशीच स्विचमध्ये ठेवतात... अडचण होते म्हणे.

काठावर जाळं सोडवत बसलेले म्हातारे मच्छीमार तात्या बघत होते. "का ओ, पळून जाता व्हय तुमी? वैनींनी बांधूनच आणलंय की!"

"बांधलंय म्हणून तर घरी येतात, तात्या," महानंदा म्हणाली.

संक्रांतीला पाणी काठोकाठ होतं. आता उन्हाळ्यात ते बरंच उतरलंय, हे काठावरच्या गाळावरूनच दिसत होतं. तरी मी वाट धरली ती संक्रांतीचीच, सरळ मधून.

आणि समोरून थवा उठला. शेकडो पक्षी, एकदम... पंख उघडले आणि आतला तो लालभडक रंग आभाळभर झाला. बघता बघता मी अर्धा उभा राहिलो. चालत्या होडीत उभं राहायचं नाही, हा नियम माझाच.

खाडकन आवाज आला आणि मी पाण्यात.

जॅकेटनं वर आणलं. पहिल्यांदा जाणवली ती शांतता... इंजिन बंद होतं. दोरीनं तिचं काम केलं होतं. ती नसती तर सुटलेलं हँडल एका बाजूला वळलं असतं, होडी गोल फिरून माझ्याच अंगावर आली असती, इंजिनच्या फिरत्या पंख्यासकट.

पण वारा होता. होडी माझ्यापासून लांब सरकत होती, आणि तिच्यात पोहता न येणारी महानंदा एकटी. तिनं इंजिन ओढून सुरू करायच्या दोरीकडे हात नेला. मी ओरडलो, "इंजिनला हात लावू नको! खाली बस, वल्हं घे!" तसंही ते सुरू झालं नसतं... क्लिप माझ्या मनगटाला लोंबत होती.

तिनं आयुष्यात वल्हं धरलेलं नाही. होडी आधी जागच्या जागी फिरली, मग तिरकी, मग हळूहळू माझ्याकडे. होडी मी घडवली, पण पाण्यावर तिला अशी समोरून कधी बघितलीच नव्हती. किती सरळ तरंगत होती...

तेवढ्यात पाय कशात तरी गेला. चौकोनी खळगा, दगडाचा. त्यात पाय रोवून वर चढलो आणि चक्क उभा राहिलो... मांडीपर्यंत पाणी, चारी बाजूंना काठ लांब, आणि भर उजनीत मी उभा! पायाखाली हातभर रुंदीची भिंत. खळगा म्हणजे तिचा कोनाडा, दिवा ठेवतात तेवढा.

महानंदाचं वल्हं थांबलं. "अय्यो, उभे आहात होय तुम्ही?" मग एकदम रडायलाच लागली. घाबरली की ती माहेरच्या कानडीवर जाते, माहेर अक्कलकोटचं. हात पुढे करून सारखं एकच, "कै कोड्री, कै कोड्री!" म्हणजे हात द्या.

मी हात दिला, पण लगेच चढलो नाही. इंजिन वर उचलून बघितलं. भिंतीवर आपटून पंख्याची पिन तुटली होती. ती तुटण्यासाठीच असते, म्हणजे आतले गिअर वाचतात. डब्यात जादा पिन असतेच. महानंदानं होडी वल्ह्यानं भिंतीला धरून ठेवली, पक्कड दिली आणि मी कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर उभा राहून पिन बदलली.

काठावर येऊन तात्यांना सांगितलं. त्यांचे हात जाळ्यातच थांबले.

"आमचंच गाव की ते, धरणात गेलेलं," ते म्हणाले. "समद्या घरांना तसलं कोनाडं व्हतं. कुणाचं का आसंना... घरानंच वर घेतलं बगा तुमाला."

मी पाण्याकडे बघून हात जोडले.

पलीकडे टपरीवर चहा पिणाऱ्या एकानं हे ऐकलं. काठावर तंबू लावून पर्यटकांना ठेवण्याचा त्याचा धंदा. म्हणाला, जागा दाखवा, होडी तुमचीच लावा. लोकांना भर पाण्यात भिंतीवर उभं करू, फोटो काढू. इंजिन बंद करत बसायचं नाही, चालूच ठेवायचं, म्हणजे ट्रिपा पटापट होतील. सीझनचे दीड लाख, त्यातले पन्नास हजार तिथल्या तिथं मोबाईलवरून द्यायला तयार होता. मी नाही म्हणालो.