तिची ओढणी आणि माझी सिक्स सीटर

परवा पुण्यात भर चौकात माझी दातखीळ बसली. अजून पूर्ण सुटलेली नाही, म्हणून लिहितोय...

आधी थोडं मागचं. सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि पुण्यात डिझेलची सिक्स सीटर रिक्षा चालवायला लागलो. मग शहरात धूर ओकणाऱ्या गाड्यांवर बंदी आली. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराशी कचाकचा भांडलो, पोटावर पाय देता काय म्हणून, आणि तणतणत गाडी घेऊन गावी, घोडेगावला आलो.

तेव्हापासून घोडेगाव-मंचर लाईन मारतो. स्टँडसमोर एक एसटीडी बूथ आहे, मागेच बूथवाल्यांचं घर. बूथवर बसणाऱ्या मुलीचं नाव लिहीत नाही, गाव लहान आहे राव... मी गाडी चालू केली की ती ओढणी तोंडावर घ्यायची. रोज. माझा दोस्त बाळ्या म्हणायचा, लाजती तुला, काम झालं तुझं.

मलाही तेच वाटायचं. मग मी निघण्याआधी मुद्दाम अजून थोडी रेस करायचो...

परवा स्पेअर पार्ट आणायला पुण्याला गेलो, तर माझ्याच जुन्या चौकात ती! आईबरोबर बाकावर बसून पेरू खात होती. चारी बाजूंनी गाड्या जातायत आणि ओढणी खांद्यावर. तोंड उघडं.

माझं डोकंच सटकलं. म्हणजे इथं कुणीतरी आहे हिचं... त्याचीच वाट बघतेय. सरळ समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, गावात मला बघून तोंड झाकता, मग इथं कुणासाठी उघडं ठेवलंय?

हो, असंच विचारलं. तिच्या आईसमोर.

ती चिडली नाही. तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "भाऊ, गावात तुमच्या गाडीचा धूर असतो."

भाऊ...

आईंना दमा आहे म्हणे. डॉक्टर इथले, म्हणून अधूनमधून येतात. आई पेरूची फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "पूर्वी ह्या चौकात उभं ऱ्हायलं की जीव जायचा बाळा. आता लई बरं वाटतं. लोकं हवा पालटायला गावाला जात्यात, आमी पुण्याला येतो."

मी मान वर केली. इतके दिवस या रस्त्यावर गाडी मारली, पण टोकाला टेकडी आहे हे मला माहीतच नव्हतं. वरच्या देवळासकट स्वच्छ दिसत होती. हवालदार तोच, पण त्याच्या नाकावरचा रुमाल गेलेला.

शहरानं हाकललेला धूर मीच गाडीत घालून गावी आणला होता. आणि नेमका यांच्या दारात सोडत होतो... रेस करून.

काल गाडी मेकॅनिककडे टाकली. आज सकाळी स्टँडवरून पायी चाललो होतो. आई बूथबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या, गावात मी त्यांना असं बाहेर पहिल्यांदाच बघितलं.

आतून तिनं विचारलं, "आज गाडी न्हाई व्हय?"

म्हटलं, धूर थांबेपर्यंत नाही आणणार. तिनं नुसती मान हलवली.

त्या हवालदाराला मी काय काय शिव्या घातल्या होत्या... भेटला तर चहा पाजीन. गावात बंदी येईल तेव्हा येईल, माझ्यापुरती मी आणलीय.

आणि हो... यावेळी ती "भाऊ" म्हणाली नाही.