पोटातली भीती आणि टेंबलाईची वाट

देवीशी माझं भांडण होतं, हे आधीच सांगून टाकते. कोल्हापुरात राहायचं आणि देवीशीच अबोला धरायचा, म्हणजे कुणाला सांगायचीही सोय नाही. अंबाबाईच्या देवळात मी जायची, हातही जोडायची, पण ते आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी उभ्या असायच्या म्हणून. मनात एकच चाललेलं असायचं, की बाई, तुझ्या गावात मी गर्भारशी होते आणि तू माझ्या पायाखालची जमीन हलू दिलीस.

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात रत्ना माझ्या पोटात होती. हे नेमके नणंदेकडे पाटणच्या बाजूला गेलेले. आमच्या घराच्या भिंतीला एक चीर गेली तेवढीच, पण पुढे कितीतरी दिवस जमीन मधूनच थरथरायची आणि गल्लीतली माणसं मैदानात पोत्यांच्या आडोशाला राहायची. यांची काही खबर नव्हती. कुणी म्हणायचं, त्या बाजूला घरंच्या घरं बसलीत. मी पोटावर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसायची, आणि आतलं बाळ एकदम गप्प व्हायचं. मग एका दुपारी हे धुळीनं माखलेले पण धडधाकट परत आले. माझा जीव भांड्यात पडला. पोटातल्या जिवाचा पडला नसावा, असं मला नंतर फार वाटत राहिलं.

रत्ना जन्मली ती मुठी आवळूनच. पातेल्यावरचं झाकण पडलं तरी तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. कुशीतून खाली ठेवायची सोय नाही. शाळेत घातली तर घंटा वाजली की परकर ओला. आत्याबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला, आणि शेवटी यांनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, गरोदरपणी आईनं मोठा धसका घेतला तर पोटातल्या मुलाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत असावा, अशी मुलं पुढे भित्री, बेचैन होऊ शकतात असं मानतात. पण कुणाला होतो, किती होतो, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मायेनं वाढवलं तर बरंच सावरतंही. यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन मी घरी आले. बाकीचं कानावर पडलं, मनात शिरलं नाही.

रत्ना सहा वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले. मी ठरवलं, या खेपेला भीतीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. घरानंही ते फार मनावर घेतलं. आत्याबाईंनी पितळी भांड्यांखाली फडकी घातली. रेडिओवर बातम्या लागल्या की हे कान पिळून तो बंद करायचे. कोडोलीला माझे वडील आजारी पडून बरेसुद्धा झाले, ते मला महिन्यानं कळलं. गल्लीतल्या बायकांना ताकीद होती, हिच्यासमोर वंगाळ काही बोलायचं नाही. आणि रत्नाला तर प्रत्येकजण उठता बसता सांगायचा, आईला घाबरवायचं नाही हं. सगळे माझ्याशी इतकं गोड हसायचे की मला वाटायचं, आत काहीतरी भयंकर शिजतंय. मी माझ्याच छातीची धडधड मोजत बसायची, आणि धडधड वाढली की पोटातल्याचं काय होईल या धसक्यानं ती आणखी वाढायची. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. असला पहारा वैऱ्यावरही नको.

आषाढ लागला. पंचगंगेला नवं पाणी आलं की आमच्याकडे गल्लीगल्लीतल्या पोरी आणि बायका ते घागरींत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. टेंबलाई ही अंबाबाईवर रुसून टेकडीवर जाऊन बसलेली देवी, त्यामुळे त्या दिवसांत मला तिच्याबद्दल जरा आपलेपणा होता. आमच्या गल्लीचा दिवस आला. रत्नाच्या डोक्यावर छोटी कळशी द्यावी असं आत्याबाईंच्या मनात होतं. मी म्हटलं, ढोल ऐकून पोर जीव सोडेल. मग त्या एकट्याच मिरवणुकीत गेल्या, हे शाळेत शिकवायला गेले आणि आम्ही दोघी दारं लावून, कानात कापसाचे बोळे घालून घरात बसलो.

नदीवरून पाणी घेऊन मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा भिंती हादरत होत्या. मी डोळे मिटून पोट धरून बसले. आवाज लांब गेला, डोळे उघडले, तर रत्ना जवळ नव्हती. घाबरली की ती पलंगाखाली शिरायची. तिथं नव्हती. धान्याच्या कणगीमागे नव्हती. परसदारी आमचा आड होता. त्याच्या काठाशी गेले. आत वाकून पाहिलं. पाणी काळं, वर पावसाचे थेंब पडत होते, बाकी काही नव्हतं. मी तिला हाका मारत होते आणि त्याच वेळी आतल्या जिवाला म्हणत होते, तू ऐकू नकोस रे, तू ऐकू नकोस.

शेजारच्या शेवंताकाकू धावत आल्या. तोंडावर तेच हसू. "असंल की हितंच कुठंतरी. तू बस बघू खाली. घोर लावून घिऊ नगंस." त्यांनी रत्नाला जाताना पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. सासू आहेच मिरवणुकीत, ती सांभाळेल, उगाच गर्भारशीला कशाला सांगा, असा त्यांनी विचार केला. माझ्या भल्यासाठीच त्या गप्प होत्या, आणि मी त्यांच्या हसण्याकडे बघून मनात नदीचा पूर बघत होते.

आमच्या ओट्यावर एक बाई पावसाच्या आडोशाला बसली होती. शाहूवाडीकडची, डोक्यावर घोंगडीची खोळ, लेक दवाखान्यात बाळंत झाली म्हणून आलेली. आमच्या घरातली ताकीद तिला कुठून ठाऊक असणार! ती तिथूनच ओरडली, "तांबड्या परकराची पोर हुडकायलीस व्हय? ती गेली की ढोलाच्या मागनं. रडत गेली, पर गेली."

शेवंताकाकू तिच्या अंगावर धावल्या. "ए पावणं, हळू बोल की! पोटुशी हाय ती."

"पोटुशी हाय, भैरी न्हाय," ती म्हणाली.

मी मटकन खाली बसले. तिला म्हटलं, मला भीती वाटून चालणार नाही हो, पोटातल्याला बाधेल. तिनं माझा दंड धरून मला उभी केली. "लेकरू गेल्यावर भ्याची न्हाईस तर कवा भ्याचीस? भिऊन घे की. पर बसून भिऊ नगंस, चालत भिऊन घे. चल, मी येतो संगं."

आम्ही निघालो. पायांत चपला नव्हत्या, वरून आषाढाची झड. मी मोठमोठ्यानं रडत होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, आणि ती बाई मला गप्प करत नव्हती. नुसता हात धरून चालत होती. चालता चालता मला जाणवलं, की पोटातलं बाळ गप्प झालेलं नाही. ते आत चांगलं ढुशा देत होतं.

रेल्वेच्या फाटकाशी मिरवणूक अडली होती. आत्याबाई पुढे बायकांच्या घोळक्यात, त्यांना काहीच पत्ता नव्हता. आणि मागे ढोलवाल्याच्या अगदी पुढ्यात रत्ना उभी होती. थरथर कापत, गालांवरून पाणी, परकर ओला, पण उभी. ढोल थांबायचा तेवढ्यात ती काहीतरी ओरडायची आणि पुन्हा वाजायला लागला की डोळे गच्च मिटायची. मी तिला कवटाळली तर माझ्यावरच चिडली.

"तू कशाला आलीस? घाबरशील की! मी त्यांना सांगायला आलोय, आई घाबरत्या, ढोल लांब न्या म्हणून. कुणी ऐकंनाच!"

त्या फाटकाशी मी किती रडले, आणि किती हसले, ते सांगता येत नाही. वाटीच्या आवाजाला दचकणारी माझी पोर त्या ढोलामागून एवढी वाट चालली होती, माझी भीती घालवायला. वळून पाहिलं तर ती बाई निघून गेली होती, बहुधा लेकीकडे. तिचं नावही विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी तशाच टेकडी चढलो. देवीपाशी काय मागायचं ते मी कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं, बाळ निर्भय होऊ दे, रत्ना बरी होऊ दे. ऐनवेळी त्यातलं काही तोंडातून आलं नाही. एवढंच म्हणाले, आई, आम्ही भ्यालेली माणसं आलोय, आहोत तशी पदरात घे. आत्याबाईंनी कळशी आमच्या हातात दिली. माझे हात कापत होते, रत्नाचे त्याहून जास्त. अर्धं पाणी आमच्याच अंगावर सांडलं, उरलेलं पायऱ्यांवरून वाहत गेलं.

आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत, ती घोंगडीवाली बाई देवीच होती. मी वाद घातला नाही. पुढे मुलगा झाला, तो शांत निघाला का, असं बायका अजून विचारतात. शांत कसला, घर डोक्यावर घ्यायचा. रत्ना आता कॉलेजात जाते. तिची भीती गेलेली नाही. परवा तिला वक्तृत्वाच्या स्पर्धेत बोलायचं होतं, सकाळपासून हात गार पडलेले. मी म्हटलं, नको जाऊस हवं तर. ती चपला घालता घालता म्हणाली, "आई, भीती वाटत्या म्हणून काय झालं?" आणि गेली. मी दारात उभी राहिले, आणि जिचं नावगाव मला ठाऊक नाही त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.