चिकाच्या कपड्यांतलं धोतर

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या फोपनारात केळीच्या चिकाला कोणी डाग म्हणत नाही. घड कापला की देठातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडला तर त्या वेळी दिसतही नाही. संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो, आणि धुतला की काळा. मग तो कपडा फाटेपर्यंत तसाच राहतो. म्हणून आमच्याकडे घरोघरी चिकाचे कपडे वेगळे असतात. गोठ्यातल्या खुंटीला टांगायचे, घडकापणीला घालायचे, आणि त्यांच्याकडे कोणी पाहायचं नाही.

कोकिळाने पाहिलं. तिची गोष्ट त्या खुंटीपासूनच सांगावी लागते.

कोकिळा माहेरची बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याची. वडील शाळेत शिक्षक, त्यामुळे मुलीला चांगलं वाचता येई, आणि लग्न होऊन ती आमच्या केळीत आली तरी वाचन सुटलं नाही. शहरातच लोधीपुऱ्यात राहणारा तिचा भाऊ वसंत दर महिन्याला फोपनारच्या रिकाम्या परतणाऱ्या गाडीत एक पातळसं पुस्तक ठेवून देई. पुण्याहून निघणारी ती रहस्यकथांची मालिका होती. तिचा नायक पोलीस नव्हता. मुडदे तपासणारा एक डॉक्टर होता, करमळकर नावाचा. तो कुणामागे धावत नसे, पिस्तूल उडवत नसे. मेलेल्याच्या नखाखालची माती बघे, जखम कोणत्या अंगाने आली ते बघे, आणि शेवटच्या पानावर शांत आवाजात सांगे, असं असं घडलं.

थंडीत कापूस घरात आला की आळीतल्या बाया दुपारी कोकिळाच्या ओसरीवर बसत. कापसातला पाला-कचरा निवडायचा. कोकिळा वाची आणि तिच्या वाट्याचा ढीग बाकीच्या निवडून देत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप तसं होत गेलं. गावातले पुरुष तेव्हा पारावर बसून राज्यांच्या नव्या वाटणीत आपण नागपूरकडे राहणार की भोपाळकडे जाणार यावर घसा कोरडा करत. ओसरीवर मात्र एकच चिंता असे, विहिरीत सापडलेली ती बाई पडली की कुणी ढकलली.

सगळ्यांत वेडी ऐकणारी सोजरबाई. कोकिळाचा नवरा शालिग्राम, त्याचा थोरला चुलत भाऊ सुकलाल, त्याची ही बायको. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. शालिग्राम शेतातून येताना मुद्दाम विचारी, "काय वहिनी, आला का तुमचा मुडद्यावाला डॉक्टर?"

"आला ना भाऊ. तुमचंच विचारत व्हता."

बाया हसत. ते हसणं भीतीच्या काठावरचं असे. अंगावर काटा यावा यासाठीच त्या येत, कारण तो काटा उतरणार हे ठाऊक असे. गावात माणूस तापीत बुडाला, झोपेत गेला, कुणाची लेक सासरी मेली, तर का ते कुणी सांगत नसे. पुस्तकात मेलेलं माणूस शेवटी आपलं म्हणणं सांगून जाई. त्यासाठी त्या दुपार दुपार बसत.

सुकलाल आणि शालिग्रामची विहीर एक होती. मोटेच्या पाळीवरून दोघांत कुरबुर असे, त्या वर्षी ती वाढली. त्या बाजाराच्या दिवशी शालिग्राम पांढरं धोतर नेसून बुऱ्हाणपूरला निघाला, जाता जाता विहिरीकडे चक्कर टाकतो म्हणाला. परत आला तो गोठ्यातून, अंगावर चिकाचे कपडे घालून. वाटेत घड कापायचं काम निघालं, असं त्याने सांगितलं आणि न जेवता पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई आली. सुकलाल रात्री घरी आला नव्हता. शालिग्राम म्हणाला की दादा कापसाचा भाव काढायला गेला असेल, येईल. बोलताना त्याने सोजरबाईकडे पाहिलं नाही. कोकिळा गोठ्यात शेणाला गेली तेव्हा तिची नजर खुंटीवर गेली. मळक्या, काळ्या-तपकिरी कपड्यांच्या आत पांढऱ्या धोतराचं टोक होतं.

चांगलं धोतर चिकाच्या कपड्यांत कुणी टाकत नाही. तिने ते ओढून पाहिलं. त्यावर एक मोठा डाग होता, तपकिरी, आणि कापड तिथे पापडासारखं ताठ झालं होतं. फोपनारच्या माणसाला वाटलं असणार, इतक्या डागांत एक डाग कोण ओळखतं. तिने धोतर पुन्हा आत कोंबलं आणि हात राखेने घासले.

त्या दुपारी वाचन होतं. सोजरबाई न बोलावता येऊन बसली, म्हणाली, घरात बसवत नाही, वाच. त्या महिन्याच्या पुस्तकात बागेत पुरलेला माणूस होता. कोकिळाचा आवाज ओळीओळीला सुकत गेला. डॉक्टर म्हणत होता की उकरलेली माती कितीही दाबली तरी ती आजूबाजूच्या मातीशी जुळत नाही. कुणीतरी म्हणालं, आज हिचं वाचन चांगलंच रंगलंय.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन मळ्यात गेली. भरल्या केळीत भर दुपारीही अंधारून येतं. पानावर पान घासून आवाज येतो, कुणी मागून चालत असल्यासारखा. माती सदा ओली आणि मऊ. ती खाली बघत बघत आत गेली. दोन ओळींच्या मध्ये एका जागी माती नवी उकरलेली होती. ती तिथे थांबली आणि मागून नवऱ्याचा आवाज आला.

"काय पाहतेस?"

तिने डोक्यावरची टोपली उतरवली नाही. भाकरी आणली, म्हणाली.

"कंद लावले तिथे," शालिग्राम म्हणाला. "तुडवू नको."

तिने तुडवलं नाही. पण वाकून बघण्याची हिंमतही झाली नाही.

घरी आल्यावर तिने धोतर काढलं. चीक आणि रक्त यांतला फरक तिला डॉक्टर करमळकरांनी शिकवला नव्हता, तो बाईमाणसाला महिन्याच्या महिन्याला कळतो. रक्त थंड पाण्यात सुटतं. चीक सुटत नाही. पाण्यात बुडवलं की कळणार होतं. पण कळलं की पुरावाही तिच्याच हातून वाहून जाणार होता. पुस्तकातल्या अशा बायांवर ती नेहमी चिडे, या मूर्ख कपडे का धुतात म्हणून.

तिने धोतर डोणीत बुडवलं. क्षणभर काही झालं नाही. मग पाणी हळूहळू लालसर झालं. तिने ते ओतून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. धोतर पांढरं निघालं.

संध्याकाळी शालिग्रामने ते दोरीवर पाहिलं. कशाला धुतलं, म्हणाला.

"चिकाचं नव्हतं ते," कोकिळा म्हणाली.

तो बैलांना पाणी दाखवायला गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत राहिली. गोठ्यात जायचं झालं तर ती दिवस असतानाच जाऊन येई.

मग एका सकाळी कुणाच्या तरी गाडीतून सुकलाल उतरला. जिवंत. डाव्या हाताला पट्टी, चेहरा उतरलेला. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात होतो म्हणाला. घड कापताना कोयता निसटला. गावाने ऐकलं, हळहळलं आणि कामाला लागलं. कोकिळा देवापुढे दिवा लावून रडली. मळ्यात खरंच कंदच होते.

पण पट्टी बदलताना ती सोजरबाईच्या मदतीला गेली आणि जखम दिसली. घड कापताना डावा हात देठाखाली असतो. कोयता निसटला तर आतल्या अंगाला, तळव्याकडे लागतो. ही जखम बाहेरच्या अंगाला होती, करंगळीकडून कोपराकडे तिरपी गेलेली. तोंडावर येणारा घाव माणूस हात आडवा धरून झेलतो, तशी. आदल्या थंडीत एका पुस्तकात डॉक्टरने हेच सांगितलं होतं. कोकिळाने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

सुकलाल का खोटं बोलला? भावाने वार केला हे सांगायची लाज वाटली असेल, किंवा हात बरा होण्याची तो वाट पाहत असेल. सोजरबाईचे भाऊ तालेवार आणि तापट होते. त्यांच्या कानावर गेलं असतं तर विहिरीवर दुसरा कोयता निघाला असता, आणि या वेळी कुणी परत आलं नसतं. कोकिळा सोजरबाईच्या तोंडाकडे बघायचं टाळू लागली.

पुढच्या बैठकीत नवं पुस्तक आलेलं होतं. सोजरबाई कापसात बोटं फिरवत म्हणाली, "नवं राहू दे. मागच्या सालचं काढ कोकिळा. हातावरच्या जखमेचं."

बाया कुरकुरल्या, ते ऐकलेलं आहे म्हणाल्या. कोकिळाने कोनाड्यातून पुस्तक काढलं. ती वाचत गेली, सावकाश, एक शब्द न गाळता. ते पान आलं. कागदावर लिहिलं होतं, बाहेरच्या अंगाला. कोकिळाने वाचलं, "आतल्या अंगाला." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टर करमळकर खोटं बोलले.

सोजरबाईचा हात थांबला.

"तवा बाहेरून व्हती," ती म्हणाली.

"नाही जिजी. आतूनच आहे."

ओसरीवर कुणाला काही कळलं नाही. सोजरबाई कोकिळाकडे पाहत राहिली. मग तिने वाकून कोकिळाच्या वाट्याचा ढीग आपल्याकडे ओढला आणि निवडायला घेतला.

"असंल," ती म्हणाली. "वाच पुढं."

त्या विहिरीवर पुन्हा भांडण झालं नाही. पण सुकलाल आणि शालिग्राम दोघंही म्हातारे होऊन आपापल्या खाटेवर डोळे मिटेपर्यंत, घराबाहेर पडलेला नवरा परत आला की कोकिळा आधी त्याच्या धोतराकडे बघे. आणि आपल्या दारात सोजरबाईही उभी असे, त्याच धोतराकडे बघत.