कोकिळाताईंचं अर्धं वाक्य

आमच्या गल्लीत पिक्चरचं तिकीट काढण्याआधी लोक कोकिळाताईंना विचारायचे. पिक्चर तमिळ असला तर हमखास. धुळ्यात फॉल-पिकोचं काम करणाऱ्या बाईला तमिळ कसं येतं, हे नव्या माणसाला समजावून सांगावं लागायचं. त्यांचे यजमान हिलालभाऊ एका ठेकेदाराबरोबर तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात गेले. मागोमाग ताई गेल्या. दोघं तिथे नऊ वर्षं राहिले. शेजारच्या सेल्वीकडे टीव्ही होता, ताईंकडे नव्हता. भाषा तिथेच तोंडात बसली. पुढे रंगाच्या पाण्याने हिलालभाऊंच्या हातांची सालं निघायला लागली, तेव्हा दोघं परत आले. मी त्यांच्या शेजारी राहते, शाळेत शिकवते. माझे ब्लाउज ताईच शिवतात.

ताई मशीन चालवता चालवता मत द्यायच्या. "डब केला की पिक्चर मेला. बाया भांडतात का बोलतात, काही कळत नाही." किंवा, "त्यांच्या खेड्यातली बाई बोलताना हातातलं काम सोडत नाही, ते मला आवडतं. आपल्या टीव्हीवरच्या सिरेलीत नुसत्या दारात उभ्या राहतात." आणि हिरोने चाळीस माणसं लोळवायला सुरुवात केली की, "इथून पुढे मी भाजी निवडते."

खर्चाबद्दलही त्या तितक्याच रोखठोक होत्या. तिरुपूरला नव्या पिक्चरच्या दिवशी पोरं हिरोच्या उंच कटआउटवर दुधाच्या पिशव्या ओतताना त्यांनी पाहिली होती. सेल्वीच्या भावाने एकदा अर्धा पगार त्यात घातला, आणि महिनाअखेरीस सेल्वी ताईंकडे तांदूळ मागायला आली. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं. पिक्चर तीन प्रकारचे: थिएटरात जाऊन बघायचा, घरी बघायचा, आणि कोणी फुकट दाखवला तरी वेळ घालवायचा नाही असा. पहिल्या प्रकारात वर्षाला दोन-तीनच बसायचे.

फॉल-पिकोचं काम त्यांना भिकमशेठच्या साडीच्या दुकानातून यायचं. शेठची नात हर्षिता पुण्याहून शिकून आली आणि दुकानात बसायला लागली. एक दिवस ती स्वतःच साड्या घेऊन ताईंकडे आली. ताई मला कुठल्याशा पिक्चरबद्दल सांगत होत्या. हर्षिता दारातच उभी राहून ऐकत राहिली.

"कोकिळामावशी, हे असंच्या असं मोबाइलवर बोलाल? मी शूट करते. लोक वेडे होतील."

"मी काय बोलणार बाई? माझं मराठी अर्धं अहिराणी."

"तेच तर पाहिजे."

अशी सुरुवात झाली. दर रविवारी दुपारी हर्षिता यायची, मशीनसमोर स्टुलावर मोबाइल लावायची, आणि ताई बोलायच्या. पिक्चर कसा शे, तिकिटाला पैसे घालावेत का नाही, बस. हर्षिताने चॅनेलला 'कोकिळाताईचं मत' असं नाव दिलं. तीन-चार महिन्यांत साक्रीपासून जामनेरपर्यंत बाया ते बघायला लागल्या. बसस्टँडवर लोक ताईंना ओळखायचे. हर्षिताने एकदा पाकीट पुढे केलं, तर ताईंनी हात मागे घेतला.

"पैसे घेतले की मत माझं राहत नाही."

हर्षिता वाकून त्यांच्या पाया पडली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. ताईंना मूलबाळ नाही. त्या पोरीसाठी शनिवारी रात्रीच त्या इडलीचं पीठ वाटून ठेवायच्या. ती पोरगी खाऊन, बोलून, शूटिंग करून जायची आणि व्हिडिओ तयार झाला की ताईंच्या मोबाइलवर पाठवायची. ताई तो एकदा बघायच्या आणि मोबाइल ठेवून द्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात एक तमिळ पिक्चर फार चालला. त्यातल्या नायिकेने लग्नात नेसलेली लाल साडी, मोरपंखी काठाची, सगळ्या बायांच्या डोळ्यांत भरली. महिन्याभरात बाजारात तशा साड्या आल्या. एका रविवारी हर्षिता म्हणाली, "मावशी, पिक्चरबरोबर साडीबद्दलही बोला ना, लोक विचारतात."

मी तेव्हा तिथेच बसले होते. ताईंनी तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "अशी साडी बाईने आयुष्यात एकदा तरी घ्यावीच. पण खरी असली तर. त्या नावाने बाजारात जे आलंय, ते पॉलिस्टर शे. त्यात पैसे घालू नका, त्यापेक्षा साधी सुती घ्या."

हर्षिता हसली. "मावशी, तुम्ही आमचं दुकान बंद पाडाल." मोबाइल उचलून ती गेली. तो व्हिडिओ ताईंना काही आला नाही. पिक्चरबद्दलचा आला, साडीचा नाही. ताईंना वाटलं, दुकानाला अडचणीचं आहे म्हणून पोरीने टाकला नसेल. त्यांनी विषय सोडला.

फेब्रुवारीत साक्रीकडच्या तानुबाई आल्या. दोघींची ओळख जुनी, एका गावच्या. तानुबाईंच्या दिपमालाचं लग्न ठरलं होतं. त्यांनी पिशवीतून खोकं काढलं, खोक्यातून लाल साडी काढली आणि मशीनवर पसरली. मोरपंखी काठ.

"फॉल लावी दे ताई. लगीननी साडी शे. पाह्य, कशी झगझग करस."

ताईंनी साडीवर हात फिरवला आणि तो तसाच राहिला. मग त्यांनी पदराचा एक दोरा ओढला, काडी पेटवली आणि दोरा ज्योतीत धरला. रेशीम जळालं की केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा दोरा वितळला. टोकाला काळा टणक मणी झाला.

"काय करी राहिनी ताई?" तानुबाई घाबरून म्हणाल्या.

"कितल्याला लिधी?"

"साडेआठ हजार. दोन शेळ्या इकल्या."

"कोणी सांगितलं घ्यायला?"

तानुबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "कोणी म्हंजे? तूच सांगं व्हतं ना!"

त्यांनी मोबाइल काढला. पडद्यावर ताई होत्या, मागे त्यांचंच मशीन, भिंतीवर त्यांचंच कॅलेंडर. सनई वाजली. ताई म्हणाल्या, "अशी साडी बाईने आयुष्यात एकदा तरी घ्यावीच." आणि लगेच लाल साड्यांचा ढीग, भिकमशेठच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर. सनई थांबली. व्हिडिओ संपला.

"पुढचं कुठं शे?" ताईंनी विचारलं.

"पुढचं काय?"

"मी पुढं बोलले होते. पुन्हा लाव."

तानुबाईंनी पुन्हा लावला. तितकाच होता. तिसऱ्यांदा लावला तरी तितकाच. ताईंनी त्या रविवारी जे म्हटलं होतं ते तानुबाईंना शब्दन्शब्द सांगितलं. तानुबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास आणि शंका एकाच वेळी दिसत होते. ताई मला नंतर म्हणाल्या, "पैशांपेक्षा तिची ती नजर मला जास्त लागली."

दोघी तशाच दुकानात गेल्या. जाताना ताईंनी शेजारून मलाही बरोबर घेतलं. हर्षिता काउंटरवर होती, गादीवर भिकमशेठ. दुकानातल्या टीव्हीवर तोच व्हिडिओ चालू होता, एक संपला की पुन्हा तोच. दोन-तीन गिऱ्हाइकं बघत होती.

"हर्षिता, माझं पुढचं बोलणं कुठे आहे?" ताईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

हर्षिताने आधी टीव्ही बंद केला. "मावशी, आत बसून बोलू या ना."

"इथेच बोल."

"मी खोटं काय दाखवलं? शब्द तुमचेच आहेत. एकही शब्द मी माझा घातला नाही."

"मी घेऊ नका म्हटलं होतं."

"छोटा व्हिडिओ करताना कापावंच लागतं, मावशी. सगळेच करतात. लोक पुढे बघत नाहीत."

"मग मला का नाही पाठवला?"

हर्षिताने काउंटरवरची कात्री उचलून दुसरीकडे ठेवली.

"बरं, पूर्ण कुठे आहे? आख्खं बोलणं? ते टाक, मग झालं."

"ते ठेवलं नाही. फोन भरतो ना, शूटिंग झालं की उडवते मी."

ताई भिंतीला टेकल्या. मी म्हणाले, "मी ऐकलंय, मी तिथे होते." पण दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी कोण त्यांची?

भिकमशेठ इतका वेळ ऐकत होते. त्यांनी नातीला खुणेने बोलावलं आणि म्हणाले, "या बाईंची साडी परत घे, पैसे देऊन टाक." तानुबाईंना साडेआठ हजार मिळाले. नोटा मोजून त्यांनी कनवटीला लावल्या आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. मग शेठ ताईंकडे वळले. आवाज मऊ होता. "कोकिळाबाई, तुम्ही गिऱ्हाईक घेऊन दुकानात आलात. हे घरी येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवसानंतर त्यांच्याकडून फॉलच्या साड्या आल्या नाहीत. कोणी बंद केलं म्हणून सांगितलं नाही, नुसत्या यायच्या थांबल्या.

हर्षिताने आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो किती ग्रुपांवर गेला होता, ते तिलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी हिलालभाऊ घरी आले. दुकानातून साड्या आणायचं आणि पोचवायचं काम तेच करायचे. ताईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगायला लागल्या. भाऊंनी पहिला घास मोडला आणि खाली बघत म्हणाले, "टीव्हीवर लावला होता तो. दोन महिने झाले."

"तुम्ही पाहिला होता?"

"रोजच दिसायचा. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मी घेऊ नका म्हणाले होते, हे तुम्हाला माहीत होतं. त्याच रात्री मी तुम्हाला सांगितलं होतं."

भाऊंनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाले, "काम तिपटीने वाढलं होतं, कोकिळा. मी म्हटलं, कशाला बोलायचं."

हे मला ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "भाजी वाढली. दुसरं काय करणार? त्या पोरीचं मी समजू शकते, तिचं दुकान आहे. याने नऊ वर्षं परमुलखात माझ्याबरोबर काढली." त्यांचं रडणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नंतरच्या दोन महिन्यांत लाल साड्या घेऊन आणखी बाया आल्या. कोणी शिरपूरची, कोणी जळगावकडची. ताई प्रत्येकीला दोरा जाळून दाखवायच्या आणि आपण काय बोललो होतो ते सांगायच्या. काहींनी ऐकलं. एकीने तोंडावर सांगितलं, "तेव्हा घ्या म्हणत होतात, आता दुकानाशी बिनसलं म्हणून नको म्हणताय." ताईंनी तिच्या साडीला फॉल लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. चॅनेल चालूच होतं, नाव तेच होतं. त्यावर आता जामनेरची एक मुलगी बोलायची. नाव बदल म्हणून ताईंनी दोनदा निरोप पाठवला. "बदलते मावशी," असं उत्तर आलं. बदललं नाही.

दिपमालाच्या लग्नाची पत्रिका आली. ताई मला घेऊन साक्रीला गेल्या. दिपमाला हिरव्या सुती साडीत गोड दिसत होती. ताईंना न विचारता तानुबाईंनी ती कुठूनतरी घेतली होती. त्यांनी आमचं नीट केलं, पाणी दिलं, पंगतीत बसवलं. पण पूर्वीसारखं "पाह्य ना ताई, कशी दिसस" असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

आम्ही जेवत असताना समोरून एक जाडसर, हसरी बाई आली. तिच्या अंगावर ती लाल साडी होती. ताईंना पाहून तिने तोंडावर हात घेतला. "तुम्ही त्या मोबाइलवाल्या ताई ना? तुमचं ऐकूनच घेतली बघा! नवऱ्याला म्हटलं, ताई म्हणते तर घ्यायचीच. कशी दिसते?"

मी ताईंकडे पाहिलं. वाढायला आलेल्या तानुबाई वरणाचं भांडं घेऊन मागेच थांबल्या होत्या. ताईंचा घास हातातच राहिला. बाई पदर पसरून उभी होती, मागे तिच्या दोन जावा कौतुकाने बघत होत्या.

"छान दिसते," ताई म्हणाल्या. "शोभते तुम्हाला."

बाईने त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. तानुबाईंनी आमच्या पानात वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सांगितलं का नाही?"

ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "तिच्या अंगावर होती हो ती साडी," त्या म्हणाल्या. "चारचौघांत काय सांगू?" धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "मॅडम, त्या बाईचं नाव विचारायला पाहिजे होतं. घरी जाऊन सांगितलं असतं."

आता त्या घरगुती ब्लाउजांचंच काम घेतात. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एका पोरीने दारातून विचारलं, "काकू, नवा तमिळ पिक्चर लागलाय, जाऊ का?" ताईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोबाइल घरी ठेवून ये, मग सांगते."